मरायाची बहीण

ऑगस्ट १८४६. मँचेस्टरमधलं भाड्याचं घर. पडदे ओढलेल्या खोलीत एकोणसत्तर वर्षांचे पाद्री पॅट्रिक ब्राँटे डोळ्यांवर पट्टी बांधून पडून आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पंधरा मिनिटं, तेही भूल न देता.

त्यांच्या शुश्रूषेला थोरली मुलगी शार्लट आलीये. वय तीस. दाढ ठणकतेय. तिची पहिली कादंबरी प्रकाशकांकडून साभार परत येतेय. अशा दिवसांत ती दुसरी लिहायला घेते. नजर अधू, म्हणून कागद पार डोळ्यांजवळ धरून, पेन्सिलीने.

ही ‘जेन एअर’.

दहा वर्षांची पोरकी जेन मामीच्या घरी वाढतेय. मामेभाऊ पुस्तक फेकून मारतो, तिच्या डोक्यातून रक्त येतं. ती त्याच्यावर तुटून पडते आणि कोंडलं जातं तिलाच, मामाने जिथे प्राण सोडला त्या लाल खोलीत. पण ही मुलगी गप्प बसणारी नाही. माझं तुमच्यावर प्रेम नाही, हे ती मामीला तोंडावर सांगते. दहा वर्षांच्या मुलीचा राग इतक्या गांभीर्याने, तिच्याच तोंडून मांडायचा, ही शार्लटची खरी हिंमत.

मग येते लोवुडची शाळा. सकाळी तोंड धुवायला जावं तर पाणी गोठलेलं. न्याहारीला करपलेली लापशी. भुकेल्या मुली घाईने दोन घास घेतात, आणि मग चमचे थांबतात, गिळवतच नाही. रविवारी दोन मैल चालत चर्चला जायचं. पायांत बूट नाहीत, साध्या जोड्यांत बर्फ शिरतो आणि तिथेच वितळतो.

हे सगळं शार्लटने भोगलेलं होतं. आई १८२१ मध्ये गेली. १८२४ मध्ये लँकेशरमधल्या कोवन ब्रिज इथे, पाद्रींच्या मुलींसाठी काढलेल्या शाळेत चार बहिणी दाखल झाल्या: मराया, एलिझाबेथ, शार्लट आणि एमिली. पुढच्या मे महिन्यात मराया क्षयाने गेली, अकरा वर्षांची. जूनमध्ये एलिझाबेथही गेली. नऊ वर्षांची शार्लट एकदम घरातली थोरली झाली.

लोवुडमधली हेलन बर्न्स म्हणजे ही मराया. नखं काळी राहिली म्हणून हेलनच्या मानेवर काटक्यांच्या जुडीने मारतात. नखं धुणार कशी, पाणी तर गोठलेलं! हेलन चकार शब्द काढत नाही. सगळा संताप जेनच्या पोटात. बावीस वर्षं शार्लटने तो जपला होता, असं ही पानं वाचताना वाटत राहतं.

पुढे शार्लटने दुसऱ्यांच्या घरी राहून मुलांना शिकवण्याची नोकरी केली. जेनही तीच करते. थॉर्नफील्डचा वाडा, त्याचा मालक रोचेस्टर, माळ्यावर कोंडलेली त्याची बायको हे सर्वांना माहीत असतं. माझं मन मात्र लोवुडमध्येच अडकतं.

ऑक्टोबर १८४७ मध्ये पुस्तक आलं, करर बेल या टोपणनावाने. हेलन जरा जास्तच सोशीक, खरी वाटत नाही, असा सूर निघाला. प्रकाशकांसाठी हस्तलिखितं वाचून मत देणाऱ्या वाचकाला शार्लटने कळवलं: ती खरी होती, मी काही वाढवलेलं नाही. उलट, कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून आठवतं त्यातलं बरंच गाळलं.

१८४८ च्या सप्टेंबरात भाऊ ब्रॅनवेल गेला, डिसेंबरात एमिली, पुढच्या मे महिन्यात धाकटी ॲन. १८५४ मध्ये शार्लटने आर्थर निकल्सशी लग्न केलं. वर्षही पुरं झालं नाही. ३१ मार्च १८५५ रोजी ती गेली, अडतीस वर्षांची.

१८५७ मध्ये कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांनी तिचं चरित्र लिहिलं आणि लोवुड म्हणजे कोवन ब्रिज हे उघड झालं. शाळेची बाजू घेणारे चिडले, वर्तमानपत्रांत पत्रं झडली. शार्लटच्या बाजूने उत्तरं द्यायला उभा राहिला तो निकल्स.