कवटी वाघाची की सिंहाची? टेबलावर ठेवून बघा!

नमस्कार मंडळी! हातात कवटी बघून दचकू नका, थ्रीडी प्रिंट आहे. खरी बाळगली असती, तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली हा व्हिडिओ मी गजाआडून केला असता.

समजा, संशयावरून अडवलेल्या खोक्यात ना कातडं, ना मिशा. नुसती उकळून साफ केलेली कवटी. पंचनाम्यात प्राणी कोणता लिहायचा?

आधी दात मोजा. कुत्र्याला ४२, वाघ-सिंह-बिबट्याला ३०. दाढाही बघा, कात्रीच्या पात्यांसारख्या. म्हणजे हे मांजराच्या घराण्यातलं. आकारावरून मात्र घाई नको, वाघाचं पिल्लू बिबट्याएवढं भरू शकतं. कवटीच्या हाडांचे सांधे नीट जुळलेत का, तेही बघा; जुळले नसतील, तर ते पिल्लू असू शकतं.

आता माझी आवडती गंमत. हा सिंहाचा खालचा जबडा. टेबलावर ठेवला, टोकाला बोट लावलं... डुलतोय बघा, पाळण्यासारखा! खालची कड बाकदार असते ना. आणि हा वाघाचा. दाबा कुठेही, ढिम्म. पण एवढ्यावर केस उभी करू नका, अपवाद निघतात.

म्हणून कॅमेरा जरा जवळ घेऊया. ही नाकाची दोन लांबट हाडं. त्यांच्या बाजूने वरच्या जबड्याचं हाड कपाळाकडे चढतं. वाघात नाकाची हाडं त्याच्याही मागे जातात आणि जबड्याच्या हाडाचं टोक बोथट असतं. सिंहात ते टोकदार असतं, आणि नाकाच्या हाडांच्या बरोबरीने किंवा त्यांच्याही मागे पोचतं.

आपल्याकडे दोघंही त्याच कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, मग एवढा कीस कशाला? कारण दक्षिण आफ्रिकेने २०१७ मध्ये ८०० सिंहांचे सांगाडे निर्यात करायला रीतसर परवानगी दिली होती. वाघाच्या हाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर मात्र बंदी. कागदावर सिंह, खोक्यात वाघ, हे सोपं होऊन बसतं.

हाडांचे तुकडेच हाती आले, तर डीएनएशिवाय इलाज नाही. नमुने डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन केंद्रात जातात. पण अहवाल येईपर्यंत खोकं अडवायचं की सोडायचं, हे बंदरावरच्या माणसाला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. त्याच्याजवळ टेबल तर असतंच.

पुढच्या भागात वाघनखं. खऱ्या नखात एक्स-रे काढला की आत हाड दिसतं. खुरापासून घडवलेल्या नखात... ते तेव्हाच दाखवतो.