मळी, रस आणि विमान

(दृश्य : सांगली जिल्हा, वाळवा तालुका, पहाट. कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग.)

गव्हाणीत मोळी पडली की पुढं काय होतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. रस, साखर, चिपाडावर पेटणारा बॉयलर. शेवटी उरते मळी : काळी, चिकट, उग्र वासाची. दारूचा कच्चा माल, एवढीच तिची जुनी ओळख. १९ मे २०२३ ला मात्र उसाच्या मळीपासून बनवलेलं थोडं इंधन घेऊन एक प्रवासी विमान पुण्याहून दिल्लीला गेलं. थोडं म्हणजे जेमतेम एक टक्का. बनवलं होतं पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजनं.

(दृश्य : डिस्टिलरीचे उंच मनोरे.)

मळीपासून निघणारं इथेनॉल मोटारसायकलला चालतं, मग विमानाला का नाही? कारण त्यात विमानाच्या इंधनाच्या जेमतेम साठ टक्के ऊर्जा असते, आणि ते पेटही लवकर घेतं. म्हणून इथेनॉलमधला ऑक्सिजन पाण्याच्या रूपानं काढून टाकतात. उरतो इथिलीन वायू. त्याचे छोटे रेणू एकमेकांना जोडत लांब साखळ्या करायच्या, वरून हायड्रोजन द्यायचा. तयार होतं ते जवळपास केरोसीनच. निम्म्यापर्यंत मिसळलं तरी इंजिन बदलावं लागत नाही. धूर निघतोच, पण त्यातला कार्बन ऊस वाढताना हवेतूनच घेतलेला असतो.

आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी असं इंधन मिसळायचं भारताचं उद्दिष्ट आहे २०२७ मध्ये १ टक्का, २०३० मध्ये ५ टक्के.

(दृश्य : जत. कोरडा ओढा.)

जिल्हा तोच. एक लिटर विमान-इंधनाला दीड लिटरपेक्षा जास्त इथेनॉल लागतं. सी-हेवी, म्हणजे शेवटी उरलेल्या मळीतून ते काढलं तर बिघडत नाही. साखर काढून झालेली असते, पाण्याची वेगळी पाळी लागत नाही. थेट रसातून काढायचं म्हटलं की हिशोब फिरतो. आडसाली ऊस दीड वर्ष रानात पाणी पीत उभा असतो. युरियातून नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू सुटतो, पाचट पेटवलं तर धूर वेगळाच. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावत होती, तेव्हाही कृष्णाकाठी ऊस हिरवागार होता. हे इथं कुणाला बोलायला आवडत नाही.

म्हणजे मळी मोजकी. ती कुणासाठी जाळायची?

(दृश्य : विटा. गलाईवाल्यांची घरं.)

दुष्काळामुळं खानापूर-आटपाडीची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली. गुवाहाटीहून घरी यायचं तर आगगाडीत दिवस मोडतात. त्याला विमान हवंच.

(दृश्य : मिरज जंक्शन, रात्र.)

मुंबईला मात्र महालक्ष्मी एक्सप्रेस जाते. विजेवर. फलाटावर चहा घ्यायचा, बर्थवर चादर टाकायची. जाग येते तेव्हा कल्याण गेलेलं असतं.