नेहरू स्टेडियम ते गहुंजे

श्रोतेहो, नमस्कार.

क्रिकेटचे विश्वचषक कोणी कोणी जिंकले, ही यादी आजकाल शाळकरी पोरंही धडाधडा म्हणून दाखवतात. पुरुषांच्या ५० षटकांच्या स्पर्धेत ऑस्ट्रेलिया ६ वेळा, भारत आणि वेस्ट इंडीज दोनदोनदा, पाकिस्तान, श्रीलंका आणि इंग्लंड एकेकदा. झाली यादी. आज मला बोलायचंय ते या यादीच्या अलीकडे-पलीकडे राहिलेल्या संघांबद्दल. त्यासाठी पुण्यासारखं गाव नाही.

आपल्या वाट्याला विश्वचषकाचा अंतिम सामना कधी आला नाही. भारत-पाकिस्तानही नाही. पुण्याला मिळतात ते साखळीतले सामने, आणि त्यातही बऱ्याचदा असे, की ज्यांच्या तिकिटांसाठी कुणी वशिला लावणार नाही. पुणेकर यावर कुरकुर करतात, आणि कुरकुर करणं हा आपला हक्कच आहे. पण या बिनमहत्त्वाच्या सामन्यांनी आपल्याला जे दाखवलं, ते भल्याभल्या शहरांना पाहायला मिळालं नाही.

३० ऑक्टोबर १९८७. स्वारगेटजवळचं आपलं नेहरू स्टेडियम. इंग्लंड विरुद्ध श्रीलंका. इंग्लंडने आठ गडी राखून सामना सहज खिशात घातला. श्रीलंकेचा हा त्या स्पर्धेतला सहावा सामना आणि सहावा पराभव. सहापैकी शून्य! त्या दिवशी कुणी म्हणालं असतं, की नऊ वर्षांनी हेच लोक जगज्जेते होतील, तर आजूबाजूच्यांनी त्याला उन्हातून सावलीत नेऊन बसवलं असतं.

आता त्याच मैदानावर नऊ वर्षं पुढे या. १९९६, लीप वर्ष, तारीख २९ फेब्रुवारी. वेस्ट इंडीज विरुद्ध केनिया. एकीकडे रिची रिचर्डसन, ब्रायन लारा, अँब्रोज, वॉल्श. दुसरीकडे पहिलाच विश्वचषक खेळणारे, नोकरी-धंदा सांभाळून क्रिकेट खेळणारे हौशी गडी. केनियाला पहिली फलंदाजी मिळाली आणि त्यांचा डाव १६६ धावांत आटोपला. त्यात सर्वाधिक धावा कुणाच्या? अवांतर! वाइड आणि नोबॉल यांची वेस्ट इंडीजने अशी खैरात केली, की कुठलाच फलंदाज त्या आकड्यापर्यंत पोचला नाही. स्टीव्ह टिकोलोच्या २९ धावा सगळ्यांत जास्त.

१६६ म्हणजे वेस्ट इंडीजला चहापानाआधीचं काम. पण रजब अलीच्या गोलंदाजीवर लाराचा झेल यष्टिरक्षक तारिक इक्बालने पकडला, तेव्हा लाराच्या नावावर होत्या ८ धावा. हा तोच लारा, ज्याने दोन वर्षांपूर्वी कसोटीत ३७५ आणि कौंटीत नाबाद ५०१ धावा कुटल्या होत्या. मग केनियाचा कर्णधार मॉरिस ओडुंबे स्वतः ऑफस्पिन टाकायला आला आणि १५ धावांत ३ बळी घेऊन गेला. वेस्ट इंडीज सर्वबाद ९३. केनिया ७३ धावांनी विजयी. पहिले दोन विश्वचषक जिंकलेला संघ, स्वारगेटच्या एसटीचे भोंगे ऐकू येतील इतक्या अंतरावर, शंभरीही न गाठता बाद झाला.

पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. पुण्यातून केनियाचा संघ गेला श्रीलंकेत, कँडीला. आठवडाभराच्या आत, ६ मार्चला, श्रीलंकेने त्यांच्याविरुद्ध ५ बाद ३९८ धावा ठोकल्या. एकदिवसीय क्रिकेटमधला तोवरचा विक्रम. म्हणजे नेहरू स्टेडियमवर १९८७ साली हरलेला संघ आणि त्याच मैदानावर १९९६ साली जिंकलेला संघ समोरासमोर आले, आणि दोघांच्या वाटा तिथून फुटल्या. श्रीलंकेने १७ मार्चला लाहोरमध्ये ऑस्ट्रेलियाला सात गडी राखून हरवलं. अरविंद डिसिल्व्हाने तीन बळी घेतले आणि वर नाबाद १०७ धावा केल्या.

असं का झालं? श्रीलंकेकडे गुणी खेळाडू जास्त होते, हे खरंच. पण त्यांना कसोटी दर्जा, म्हणजे पाच दिवसांचे कसोटी सामने खेळायची मान्यता, १९८१ सालीच मिळाला होता. देशात यादवी होती, १९८७ ते १९९२ या काळात घरच्या मैदानावर एकही कसोटी झाली नाही, विश्वचषकाच्या तोंडावर कोलंबोत बॉम्बस्फोट झाला म्हणून ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज तिथे खेळायलाच गेले नाहीत. तरी दर्जा होता म्हणून सामने होते. मार खायला मिळत होता, आणि मार खाऊनच माणूस शिकतो. रणतुंगा, डिसिल्व्हा हे सगळे १९८७ सालीही संघात होतेच की.

केनियाला हा दर्जा कधीच मिळाला नाही. आणि श्रोतेहो, केनिया एका दिवसाचा चमत्कार नव्हता. २००३ साली त्यांनी नैरोबीत श्रीलंकेला ५३ धावांनी हरवलं, बांगलादेशाला हरवलं आणि थेट उपांत्य फेरीत धडक मारली. न्यूझीलंडने सुरक्षेच्या कारणावरून नैरोबीला जायचं नाकारलं, त्याचे गुण त्यांना आयते मिळाले हेही सांगायला हवं. त्या संघाचा प्रशिक्षक कोण? आपले संदीप पाटील. १९८३ च्या विजेत्या संघातले. डर्बनच्या उपांत्य सामन्यात गांगुलीने नाबाद १११ धावा केल्या, भारत ९१ धावांनी जिंकला.

त्याच स्पर्धेत बांगलादेशाने काय केलं बघा. एकही सामना जिंकला नाही, कॅनडाकडूनसुद्धा हरले. पण बांगलादेश २००० सालीच कसोटी संघ झाला होता, म्हणून त्यांचे दौरे सुरू राहिले. चारच वर्षांनी, १७ मार्च २००७ ला, पोर्ट ऑफ स्पेनला त्यांनी भारताला हरवून आपल्याला घरी पाठवलं. तो दिवस विसरलेला पुणेकर मला भेटायचाय. केनियाशी मालिका खेळायला मात्र मोठ्या संघांना सवड होत नव्हती. घरातही धड नव्हतं. मंडळात वाद, मानधनावरून खेळाडूंचा संप, आणि २००४ साली खुद्द ओडुंबेवर सट्टेबाजाशी संबंधांवरून पाच वर्षांची बंदी. २०१४ साली केनियाचा एकदिवसीय दर्जाही गेला. सगळं खापर आयसीसीवर, म्हणजे क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय संघटनेवर, फोडता येणार नाही, पण ज्याला खेळायलाच बोलावत नाहीत त्याने घर नीट कशाच्या जोरावर ठेवायचं, हेही कुणी विचारावं.

वेस्ट इंडीजचं काय झालं? पुण्यातल्या फजितीनंतर ते खडबडून जागे झाले. जयपूरला ऑस्ट्रेलियाला हरवलं, कराचीत लाराच्या १११ धावांवर दक्षिण आफ्रिकेला. मोहालीच्या उपांत्य सामन्यात २०८ धावा हव्या असताना २ बाद १६५ होते, आणि तिथून सगळे मिळून २०२. पाच धावांनी हार. नंतर त्यांनी टी-२० चे विश्वचषक जिंकले, २०१२ आणि २०१६ साली. पण ५० षटकांच्या क्रिकेटमध्ये घसरण चालूच राहिली. १ जुलै २०२३ ला हरारेत स्कॉटलंडने त्यांना सात गडी राखून हरवलं, आणि इतिहासात पहिल्यांदा विश्वचषक वेस्ट इंडीजशिवाय झाला.

त्या विश्वचषकाचे पाच सामने आपल्या पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर झाले. कोहलीचं बांगलादेशाविरुद्धचं शतक लोकांच्या लक्षात आहे. मिचेल मार्शच्या नाबाद १७७ ही अनेकांना आठवतील. माझ्या मते खरा सामना होता ३० ऑक्टोबरचा. हो, तीच तारीख, १९८७ ची. आणि पुन्हा श्रीलंकाच, समोर अफगाणिस्तान. श्रीलंका २४१ सर्वबाद. अफगाणिस्तानने तीनच गडी गमावून ते पार केले. ना धावपळ, ना घबराट. रहमत शाह, कर्णधार हशमतुल्ला शाहिदी, अझमतुल्ला उमरझाई यांनी हिशेब मांडल्यासारखं लक्ष्य गाठलं.

या संघाचा प्रवास आठवा. पेशावरच्या निर्वासित छावण्यांत क्रिकेट शिकलेली पोरं. २००८ साली हे लोक जर्सी नावाच्या छोट्याशा बेटावर, जागतिक लीगच्या पाचव्या श्रेणीत खेळत होते. २०१९ च्या विश्वचषकात नऊच्या नऊ सामने हरले. २०२३ साली इंग्लंड, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेदरलँड्स अशा चौघांना हरवलं. मधल्या काळात, २०१७ साली, आयर्लंडबरोबर आयसीसीचं पूर्ण सदस्यत्व, म्हणजेच कसोटी दर्जा, मिळालं होतं, आणि स्वतःच्या देशात खेळता येत नाही म्हणून ग्रेटर नोएडा, डेहराडून, लखनौ ही मैदानं भारताने दिली होती. एक गोष्ट मात्र घशाखाली उतरत नाही. पूर्ण सदस्य असलेल्या या देशाचा महिला संघ मैदानात नाही. तालिबान आल्यावर बऱ्याचशा खेळाडू मुली ऑस्ट्रेलियाला गेल्या. पुरुषांच्या विजयाला टाळ्या वाजवताना हे बोलायचं नाही, हा नियम मला मान्य नाही.

महिला क्रिकेटचा विषय निघालाच आहे, तर पुण्याची आणखी एक गोष्ट सांगतो. महिलांचा विश्वचषक पुरुषांच्या दोन वर्षं आधी, १९७३ साली, इंग्लंडमध्ये झाला. भारत त्यात नव्हता, कारण भारतात महिला क्रिकेटची संघटनाच त्या वर्षी जन्माला येत होती. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा एप्रिल १९७३ मध्ये आपल्या पुण्यात भरली. संघ किती? तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. तिथून २००५ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, तो हरलो. २०१७ चा लॉर्ड्सवरचा, नऊ धावांनी हरलो. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय. शफाली वर्माच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८ आणि वर पाच बळी. संघाची उपकर्णधार सांगलीची स्मृती मानधना, आपल्या महाराष्ट्र संघातून वर आलेली. तीन संघांच्या त्या स्पर्धेत खेळलेल्या बायकांनी रेल्वेच्या साध्या डब्यातून, पदरमोड करून हे क्रिकेट जिवंत ठेवलं नसतं, तर नंतर २००६ साली बीसीसीआयच्या हाती सोपवायला काही उरलं नसतं.

पुरुषांचा पुढचा विश्वचषक २०२७ साली दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. संघ पुन्हा चौदा होणार आहेत, गेल्या दोन वेळी दहाच होते. हे बरं झालं. दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वे यांना यजमान म्हणून थेट प्रवेश आहे. नामिबिया पूर्ण सदस्य नाही, म्हणून स्वतःच्या मैदानावर सामने होत असूनही त्यांना पात्रता फेरी खेळूनच यावं लागणार. त्या पात्रता सामन्यांचे धावफलक वर्तमानपत्रात छापून आलेच, तर ते कुठल्या तरी कोपऱ्यात, बारीक अक्षरात असतील. चष्मा लावून वाचा. नमस्कार.