पळणारं इंग्रजी, चालणारी मराठी

श्रोतेहो, नमस्कार. आज इंग्रजीतलं एकच क्रियापद घेऊन बसलोय. 'रन'. पाचवीतलं पोरगंही सांगेल, रन म्हणजे पळणे. बरोबरच आहे. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली, ते रनच. पण एवढ्याच अर्थावर विसंबून पुढं गेलं की ठेच लागते.

साताऱ्यात मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं. एकदा भाषांतराला वाक्य दिलं, 'द टॅप इज रनिंग'. मागच्या बाकावरच्या एकानं लिहिलं, 'नळ पळत आहे'. वर्ग खो-खो हसला. मीही हसलो, लाल पेन उचललं आणि ते तसंच हातात राहिलं. रन म्हणजे पळणे, हे त्याच्याकडून पाठ कुणी करून घेतलं होतं? मीच की!

ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची १९८९ची आवृत्ती वीस खंडांची. तीत सर्वांत लांबलचक नोंद होती 'सेट'ची. पुढं कोशाची दुरुस्ती करताना 'रन' हाती घेतलं, तर या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. घाबरू नका, सगळे सांगत नाही.

गंमत अशी, की इंग्रजीत जे पळतं ते आपल्याकडं बहुतेक वेळा चालतं. त्यांचं मशीन पळतं, आपलं चालतं. ते हॉटेल 'रन' करतात, आपण चालवतो. राजवाड्याजवळच्या पेढेवाल्याला विचारा, "काय, कसं काय दुकान?" तो म्हणणार, "चाललंय." नदी, नळ आणि सर्दी झालेलं नाक मात्र आपल्याकडं वाहतं. आणि रस्ता? त्यांचा पळतो, आपला नुसता जातो. कासचा रस्ता यवतेश्वराच्या घाटातनं जातो.

अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, इंग्लंडात 'स्टँड'. इथं आपण इंग्लंडच्या बाजूचे. आपला उमेदवार उभा राहतो. पळापळ निकालानंतर.

मला सगळ्यात आवडतं ते 'रन आउट'. क्रिकेटमधलं नव्हे, स्वयंपाकघरातलं. सकाळी डबा उघडावा, तर तळाला चार दाणे आणि एक मुंगी. इंग्रज म्हणतो, 'वुई हॅव रन आउट ऑफ शुगर'. म्हणजे कर्ता कोण? आम्ही. आपण म्हणतो, 'साखर संपली'. साखर आपली आपणच संपते, घरातल्या कुणावर आळ नाही. माझ्यासारख्या चोरून खाणाऱ्याला मराठीच सोयीची!

तो मागच्या बाकावरचा पोरगा पुढं मेकॅनिक झाला. गोडोलीत त्याचं गॅरेज आहे. परवा स्कूटर घेऊन गेलो. प्लग काढून फडक्यानं पुसत त्यानं विचारलं, "सर, रोजचं रनिंग किती?"

म्हटलं, "या वयात कसलं रनिंग बाबा, सकाळी थोडं चालतो."

त्यानं मान वर केली. "तुमचं न्हाय सर, गाडीचं."