सफरचंदावरचा आळ

(दृश्य: लाकडी पाट, सुरी, एक लाल सफरचंद)

सफरचंद आपण देठापासून खाली, उभं कापतो. आज आडवं कापू. बरोबर मध्यावर.

हे बघा. आत चांदणी आहे. पाच टोकांची. प्रत्येक टोक म्हणजे बियांचा एक कप्पा, आणि कप्प्यात साधारण दोन-दोन बिया. सफरचंद गुलाबाच्या कुळातलं. फुलाला पाकळ्या पाच, आत कप्पेही पाच. झाडानं हिशेब चोख ठेवलाय.

माणसानं मात्र या फळाच्या खात्यावर काय काय मांडलं! एका पानावर आरोप, की यानंच आदाम आणि हव्वेला एदेन बागेतून बाहेर काढलं. दुसऱ्या पानावर श्रेय, की हे रोज खाणाऱ्याच्या घरी डॉक्टर फिरकत नाही.

आधी आरोप.

(दृश्य: हिब्रू हस्तलिखिताचं पान, हळूहळू जवळून)

बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती. बऱ्यावाईटाचं ज्ञान देणाऱ्या झाडाचं फळ खायचं नाही, अशी आज्ञा आहे. आणि फळासाठी शब्द आहे ‘पेरी’. पेरी म्हणजे फळ. बस्स, एवढंच. कुठलं फळ, ते लिहिलेलंच नाही. कुराणातही ही कथा येते, तिथंही झाडाला नाव नाही.

ज्यू धर्मपंडितांनी यावर तालमूदमध्ये, म्हणजे त्यांच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात, भरपूर खल केलाय. एक म्हणतो द्राक्ष. एक म्हणतो गहू. तिसरा म्हणतो अंजीर, कारण पाप घडल्यावर दोघांनी अंग झाकलं ते अंजिराच्याच पानांनी. ज्यानं चूक घडली त्यानंच ती झाकली. मला हा तिसरा युक्तिवाद फार आवडतो. या यादीत सफरचंद नाही.

मग ते आलं कुठून?

(दृश्य: पडद्यावर दोन शब्द, एकाखाली एक)

याचं नेहमीचं उत्तर लॅटिनमध्ये सापडतं. ‘मलुम’ म्हणजे वाईट. ‘मालुम’ म्हणजे सफरचंद. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक! शुद्धलेखनाच्या वहीत एक गुण कापला जातो, तेवढीच चूक. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमनं बायबल लॅटिनमध्ये आणलं, तेव्हा हा घोळ झाला असं सर्रास सांगितलं जातं.

पण जेरोमचं पान उघडून बघा. हव्वेच्या हातातल्या फळाला तो ‘फ्रुक्तुस’ म्हणतो. पुन्हा फळच. म्हणजे सफरचंदाबरोबर बिचाऱ्या जेरोमवरही आळ. अझान यादिन-इस्रायल या अभ्यासकानं 2022मध्ये वेगळी वाट दाखवली. जुन्या फ्रेंचमध्ये ‘पोम’ म्हणजे कुठलंही फळ. पुढे त्याचा अर्थ आकसला आणि पोम म्हणजे फक्त सफरचंद झालं. गोष्ट तीच राहिली, ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढचं फळ बदललं. मला हे जास्त पटतं.

आणि एकदा चित्रकारांनी ते रंगवलं की ग्रंथ कोण उघडतो?

(दृश्य: चित्रं एकामागून एक, शेवटच्या चित्रावर थांबून)

तरी सगळे एका सुरात नव्हते. 1432 साली पूर्ण झालेल्या, बेल्जियममधल्या गेंटच्या चर्चमधल्या वेदीचित्रात हव्वेच्या हातात सुरकुतलेलं, लिंबाच्या जातीचं फळ आहे. मायकेलअँजेलोनं सिस्टाइन चॅपेलच्या छतावर अंजिराचं झाड काढलं. पण हे बघा, जर्मन चित्रकार लुकास क्रानाखचं 1526 सालचं चित्र. लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहातलं. झाड सफरचंदांनी लगडलंय. फांदीवरून साप उतरतोय. हव्वा फळ पुढे करतेय, आणि आदाम... त्याचा हात बघा. डोकं खाजवतोय! मानवजातीचं भवितव्य ठरतंय आणि हा गडी डोकं खाजवत उभा. क्रानाख आणि त्याच्या कारखान्यानं ही जोडी पुन्हा पुन्हा रंगवली.

याच फळापायी शतकानुशतकं बाईच्या जातीला बोल लागला, तोही इथंच नोंदवून पुढे जाऊ.

(दृश्य: मेरी आणि बाळ येशू, बाळाच्या हाताचा क्लोजअप)

इथं तेच सफरचंद बाळाच्या मुठीत. आता ते पापाचं नाही, पापातून सुटकेचं. एकच फळ, दोन्ही बाजूंनी साक्षीला उभं केलेलं. ज्यू नववर्षाला, रोश हशानाला, त्याच्या फोडी मधात बुडवून खातात. वर्ष गोड जावं म्हणून. मधाची ही धार जरा शांतपणे बघू.

(दृश्य: मध, फोड. निवेदन नाही.)

कंठाशी जो उंचवटा असतो, त्याला युरोपातल्या कितीतरी भाषा ‘आदामाचं सफरचंद’ म्हणतात. घशात अडकलेला पापाचा घास. मराठीत तोच कंठमणी. त्यांच्या गळ्यात गुन्हा, आपल्या गळ्यात दागिना.

आता श्रेय. रोज एक सफरचंद खा, डॉक्टर दूर राहील, ही इंग्रजी म्हण पुराणकाळातली वाटते, पण छापील रूपात ती सापडते 1866 साली, वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरची म्हणून. मराठीत साधारण अशी बसेल: ‘निजताना खा सफरचंद, डॉक्टरची चूल बंद.’ आज तोंडात असलेलं ‘रोज एक सफरचंद’ हे रूप त्यानंतरचं.

2015 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ही म्हण खरोखरच तपासली. 8,399 प्रौढ, त्यातले 753 रोज सफरचंद खाणारे. डॉक्टरकडच्या फेऱ्यांमध्ये म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं तेवढी थोडी कमी लागत होती. क जीवनसत्त्व म्हणाल तर संत्र्यात साधारण दहापट जास्त. सफरचंदाची खरी कमाई तंतूंची, त्यातही पेक्टिन नावाच्या तंतूची, आणि त्यातली बरीचशी सालीत किंवा सालीलगत. आपण नेमकी तीच सोलून टाकतो.

(दृश्य: पुन्हा लाकडी पाट)

सुरुवातीला कापलेलं सफरचंद अजून इथंच आहे. कापलेल्या पेशींना हवा लागली, आतल्या विकरानं (एन्झाइमनं) काम सुरू केलं, आणि चांदणीभोवती तपकिरी कड आली. खराब झालेलं नाही, नुसतं रंगलंय.

चित्रीकरण आटोपल्यावर कॅमेरामननं ते उचललं आणि खाल्लं. सालीसकट.