शंटच्या नळीत नेमके काय अडकते?

शंटची सिलिकॉनची नळी आतून जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटर रुंद आहे. तिचे एक टोक मेंदूतील पोकळीत आणि दुसरे पोटात सोडलेले असते, तर मधल्या भागात, बहुधा कानामागच्या त्वचेखाली, ठरावीक दाबालाच उघडणारी झडप बसवलेली असते. हायड्रोसेफॅलसच्या, म्हणजे घरोघरी ज्याला ‘डोक्यात पाणी होणे’ म्हणतात त्या विकाराच्या रुग्णासाठी ही नळी, म्हणजेच शंट, साचलेल्या द्रवाची वाट असते. प्रौढ माणसाच्या मेंदूत दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रव तयार होतो, म्हणजे मिनिटाला जेमतेम सहा-सात थेंब, सुमारे ०.३५ मिलिलिटरच. इतक्या संथ प्रवाहात जे वाहून येते, ते वाटेत कुठेही बसू शकते.

डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका टॅक्सीने बाबागाडीला धडक दिली. तीत लेखक रोआल्ड डाल यांचा चार महिन्यांचा मुलगा होता. त्याला शंट बसवावा लागला, पण त्याची झडप पुन्हा पुन्हा तुंबत राहिली. त्या काळातील हॉल्टर झडपेत सिलिकॉनला दिलेली बारीक चीर दाबाने उघडत असे, आणि दुखापतीत झालेल्या रक्तस्रावाचा गाळ नेमका त्या चिरेत अडकत असे. डाल यांनी लहान विमानांच्या प्रतिकृतींसाठी पंप बनवणारे अभियंते स्टॅन्ली वेड आणि लंडनचे मेंदू-शल्यविशारद केनेथ टिल यांना सोबत घेतले, आणि १९६२ पर्यंत गाळाने सहज न अडणारी धातूच्या चकत्यांची झडप तयार झाली. तोवर मुलाला तिची गरज उरली नव्हती. इतर अनेक मुलांना मात्र ती लाभली.

या घटनेत दोषी होता तो रक्ताचा गाळ. पुढे मात्र बराच संशय प्रथिनांवर घेतला गेला: द्रवात प्रथिने वाढली की तो दाट होतो आणि नळीतून सरकत नाही, असे तर्काला पटणारे गणित मांडले जाई. निरोगी द्रवात दर डेसिलिटरला साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम प्रथिने असतात. आजारात ती कित्येक पटींनी वाढू शकतात. परंतु रक्तद्रवात हाच आकडा ७००० च्या आसपास असतो, आणि तरीही त्याचा दाटपणा पाण्याच्या दुपटीच्या आतच राहतो. १९९८ मधील मोजणीत शरीराच्या तापमानाला या द्रवाचा दाटपणा ०.७ ते १ मिलिपास्कल-सेकंद भरला, म्हणजे पाण्याहून फारसा वेगळा नाही. दाटपणाचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

म्हणून प्रथिने निर्दोष ठरतात असे मात्र नाही. सिलिकॉन द्रवात बुडताच त्याच्या पृष्ठभागावर प्रथिनांचा पातळ थर बसतो, त्या थराला पेशी धरून राहतात, आणि जंतू आलेच तर त्यांनाही तिथे बिऱ्हाड करता येते. पोकळीतल्या टोकाच्या छिद्रांमध्ये तर द्रव तयार करणारे कोरॉइड प्लेक्ससचे झुपकेच वाढून शिरतात. अडथळ्याची नेहमीची जागा झडप नसून हे टोक असते. कदाचित म्हणूनच युगांडातील मुलांवर झालेल्या तुलनेत भारतात बनणारा स्वस्त छाब्रा शंट आणि अनेक पटींनी महाग परदेशी शंट यांच्या परिणामांत फरक आढळला नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला असेल, तर शल्यविशारद बहुधा लगेच कायमचा शंट बसवत नाहीत. डोक्याच्या त्वचेखाली एक छोटी कुपी ठेवून तिच्यातून सुईने द्रव काढत राहतात, आणि द्रव निवळण्याची व बाळाचे वजन वाढण्याची वाट पाहतात. आपल्याकडे वारंवार दिसणाऱ्या क्षयरोगाच्या मेंदूज्वरात प्रथिने खूप वाढलेली असतात, पण तिथे थांबणे अनेकदा परवडत नाही. वेल्लोरच्या डॉक्टरांची १९९१ पासून प्रचलित असलेली, आजाराची तीव्रता ठरवणारी श्रेणीपद्धत रुग्णाची शुद्ध आणि मज्जासंस्थेतील बिघाड पाहते. प्रथिनांचा आकडा तिच्यात नाही.

तुंबलेली नळी बदलतानाही सामना याच घटकांशी असतो. झुपक्यात रुतलेले टोक जोराने ओढले, तर तो ऊतक फाटून पोकळीत ताजे रक्त उतरते आणि नव्या नळीसमोर पहिल्याच दिवशी गाळ उभा राहतो. अशा वेळी काही शल्यविशारद जुने टोक आहे तिथेच ठेवतात आणि शेजारून दुसरी नळी घालतात.