वॉर्ड मागून घ्या: परिचर्येतील कारकिर्दीविषयी

(परिचर्या अभ्यासक्रमाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याकडे परिचर्येतल्या कारकिर्दीचा विचार बहुधा पदांच्या भाषेत होतो. अधिपरिचारिका म्हणून रुजू व्हायचे, सेवाज्येष्ठता यादीत नाव वर सरकले की परिसेविका, पुढे सहायक अधिसेविका आणि निवृत्तीच्या तोंडावर जमलेच तर अधिसेविका. खाजगी रुग्णालयांत हीच माणसे स्टाफ नर्स, इन्चार्ज, सुपरवायझर आणि मेट्रन म्हणून ओळखली जातात. ही उतरंड खरी आहे, तिच्यामागे वेतनश्रेणी आहे, त्यामुळे तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. तरीही नोकरीची बहुतेक वर्षे सरकारी रुग्णालयांत काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की परिचारिका घडते ती कोणत्या विभागात, कोणत्या क्रमाने आणि किती काळ काम केले यावर. पद त्या घडणीच्या मागून येते. घडण नसताना पद आले तर ते वॉर्डातल्या आयापासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना कळते, कळत नाही ते फक्त खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीला. म्हणून आज मी पदांविषयी थोडे आणि विभागांविषयी जास्त बोलणार आहे.

पहिली दोनेक वर्षे मेडिसिनच्या किंवा सर्जरीच्या जनरल वॉर्डात काढावीत, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हल्ली अनेक खाजगी रुग्णालये नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना थेट आयसीयूत घेतात, कारण तिथे माणसे टिकत नाहीत, आणि घेतल्या गेलेल्यांनाही ते प्रतिष्ठेचे वाटते. मला हा प्रकार पटत नाही. आयसीयूत रुग्णाची प्रकृती ढासळू लागली की मॉनिटर ओरडतो. जनरल वॉर्डात ओरडायला कोणी नसते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. तुमच्यापैकी ज्यांनी रात्रपाळ्या केल्या आहेत त्यांना हा कागद आणि प्रत्यक्ष वॉर्ड यांतले अंतर मी सांगायला नको. परंतु त्याच गर्दीत, औषधांची ट्रॉली ढकलत जाताना, कोणाचा श्वास मिनिटाला 20 वरून 28 वर गेला आहे, कोणाच्या लघवीच्या पिशवीत सकाळपासून भर पडलेली नाही, काल घरच्यांशी भांडणारा कोणता रुग्ण आज नुसता छताकडे पाहत पडला आहे, हे टिपणारी नजर तयार होते आणि ती नजर पुढे कोणत्याही विभागात कामी येते.

सलाईनसारखी साधी गोष्ट घ्या. 500 मिली सलाईन 8 तासांत द्यावे असा आदेश आहे आणि हातातला सेट, म्हणजे बाटलीला जोडायची नळी, मिलीला 20 थेंबांचा आहे. एकूण 10,000 थेंब, 480 मिनिटे, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. हे गणित शाळकरी मुलालाही जमेल. तरीही सेटच्या पाकिटावरचा आकडा न वाचता अंदाजाने चाक फिरवून पुढच्या कॉटकडे जाणारी परिचारिका आणि घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट थेंब मोजणारी परिचारिका यांतला फरक हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला पहाटे धाप लागली की समजतो. लहान मुलांच्या मायक्रो सेटमधून मिलीला 60 थेंब पडतात, म्हणून तिथे तासाला जितके मिली द्यायचे तितकेच थेंब मिनिटाला पडले पाहिजेत. मोठ्यांच्या वॉर्डातून बालरोग विभागात गेलेल्या परिचारिकेने पहिल्या पाळीला हे मनाशी घोकावे.

जनरल वॉर्डानंतर कॅज्युअल्टी. आपल्या मराठवाड्याचे ऋतू कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये वाचता येतात. एप्रिल-मे महिन्यांत उष्माघात, पेरणी झाली की सर्पदंश आणि कीटकनाशकाची विषबाधा. फवारणीतून असो वा प्राशन केल्यामुळे असो, ऑर्गॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकाचा रुग्ण आला की त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या असतात, तोंडातून लाळ वाहत असते आणि छातीत घरघर असते. डॉक्टर ॲट्रोपिन हा उतारा सुरू करतात, परंतु अंगावरचे कपडे उतरवून साबण-पाण्याने अंग धुणे, तेही स्वतः हातमोजे घालून, आणि छाती कोरडी पडली का, नाडी किती झाली, याची वेळेसह नोंद ठेवणे हे आपले काम असते. मण्यारीचा दंश तर अनेकदा दिसतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखते म्हणून येतो आणि त्याच्या पापण्या मिटू लागलेल्या असतात. घोणसाच्या दंशात रक्त गोठते की नाही ते पाहण्यासाठी कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 2 मिली रक्त घेऊन ती 20 मिनिटे अजिबात न हलवता ठेवायची आणि मग एकदाच कलती करायची असते. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निष्कर्ष फसतो आणि मधेच कोणी ती उचलून पाहिली तरी फसतो. नातेवाइकांच्या गराड्यात, फोन वाजत असताना, ती 20 मिनिटे सांभाळणे हा कॅज्युअल्टीचा खरा अभ्यासक्रम आहे.

शस्त्रक्रियागृहाविषयी मी थोडे सविस्तर बोलणार आहे, कारण अधिकार म्हणजे काय हे परिचारिकेला तिथे सर्वांत लवकर शिकायला मिळते. शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी स्क्रब घेतलेली (निर्जंतुक होऊन सर्जनशेजारी उभी असलेली) आणि सर्क्युलेटिंग करणारी (टेबलाबाहेरून सामान पुरवणारी) अशा दोघीजणी मॉप (रक्त टिपायची मोठी कापडे), गॉज, सुया आणि उपकरणे मोठ्याने मोजतात आणि आकडे फळ्यावर लिहिले जातात. पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजणी होते, त्वचेला टाके घालताना पुन्हा. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 साली सुरक्षित शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी सूची दिली, तिच्यातही रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी ही मोजणी परिचारिकेने तोंडी जाहीर करावी अशी अपेक्षा आहे. आता समजा, एक मॉप कमी भरला. सर्जन दमलेले आहेत, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे पाहत आहेत, बाहेर पुढची केस ट्रॉलीवर आहे आणि नोकरीला लागून वर्षही न झालेल्या मुलीला म्हणायचे आहे, "सर, काउंट जुळत नाही." हे वाक्य स्पष्ट आवाजात, माफी न मागता म्हणता आले पाहिजे. "नीट मोजा" असे उत्तर आले तर पुन्हा मोजायचे, बादल्या आणि पिशव्या तपासायच्या, ड्रेपच्या, म्हणजे रुग्णावर पांघरलेल्या निर्जंतुक कापडांच्या, घड्या उलगडायच्या आणि तरीही जुळले नाही तर एक्स-रे मागायचा, कारण मॉपमध्ये क्ष-किरणांत दिसणारा धागा त्यासाठीच विणलेला असतो. मी पाहिलेले चांगले सर्जन अशा परिचारिकेवर रागावत नाहीत. जे रागावतात त्यांच्या टेबलावर तर मोजणी अधिकच काटेकोर असावी. शस्त्रक्रियागृहात दोन-तीन वर्षे काढलेली परिचारिका पुढे परिसेविका झाली की तिला "नाही" म्हणण्यासाठी आवाज चढवावा लागत नाही.

आयसीयू यानंतर यावे. तिथले यंत्र शिकायला काही महिने पुरतात, परंतु यंत्र सांगते ते रुग्णाशी ताडून पाहण्यासाठी आधीची वर्षे लागतात. 2020 मध्ये करोनाच्या साथीत वॉर्डातल्या परिचारिकांना एका रात्रीत ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटरच्या रुग्णांसमोर उभे करण्यात आले, तेव्हा मला दिसले ते असे की पूर्वी तीन-चार विभागांत काम केलेल्या मुली आठवड्याभरात सावरल्या आणि वर्षानुवर्षे एकाच ओपीडीत बसलेल्या ज्येष्ठ भगिनींना ते फार जड गेले. आयसीयूची ओढ असलेल्यांना आता अतिदक्षता परिचर्येतील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. प्रसूतिगृह, नवजात शिशू कक्ष आणि डायलिसिस या प्रत्येकावर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल. इथे एवढेच म्हणते की प्रसूतिगृहात काम न केलेल्या परिचारिकेने ग्रामीण रुग्णालयाचा कार्यभार घेऊ नये.

रुग्णालयाबाहेरची वाट कमी प्रतीची मानण्याची आपल्यात एक खोड आहे. 2018 पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले आणि बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही ते मिळू लागले. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या उपकेंद्राचा विचार करा. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावातली निम्मी घरे ऊसतोडीला निघून जातात, त्यांत गरोदर बायका असतात, आणि त्या परत येतात तोवर उन्हाळा लागलेला असतो. कोणाचे किती महिने भरलेत, कोणाचे हिमोग्लोबिन किती, माता-बाल कार्ड तिच्या पिशवीत गेले की घरीच राहिले, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत टोळी उतरणार आहे, ही माहिती आशाताईंच्या मदतीने गाडी सुटण्यापूर्वी गोळा करणारी परिचारिका जे काम करते, ते जिल्हा रुग्णालयात बसून होत नाही.

संसर्ग नियंत्रण परिचारिका हे पद एनएबीएच या रुग्णालयांच्या गुणवत्ता मानांकनामुळे खाजगी रुग्णालयांतही रुजले. अनेकजणी ते फाइलींचे काम समजून टाळतात. वास्तविक कोणत्या वॉर्डात सलाईनच्या जागा जास्त सुजतात आणि लाल पिशवीत पिवळ्या पिशवीचा कचरा कोण टाकतो, हे तिच्याइतके कोणाला माहीत नसते. सुई टोचल्याची घटना मुली लपवतात, कारण बोलणी बसण्याची भीती असते. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो 2 तासांत आणि उशिरात उशिरा 72 तासांत सुरू व्हावे लागते. त्यामुळे मुलगी रात्री दोन वाजता जिच्याकडे बिनदिक्कत जाईल अशीच व्यक्ती या पदावर हवी.

अध्यापनाकडे वळणाऱ्यांना माझी एकच अट असते, वॉर्डातली पाच वर्षे आधी. एम.एस्सी. करून थेट वर्गात आलेल्या पाठ्यनिर्देशिका, म्हणजे परिचर्येच्या शिक्षिका, पुस्तक उत्तम शिकवतात. विद्यार्थिनीला मात्र रुग्णाच्या कॉटपाशी त्यांची गरज असते.

पगाराविषयी न बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने अशी शिफारस केली होती की 200 हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात परिचारिकेला राज्य शासनाइतके वेतन असावे आणि 50 हून कमी खाटांच्या रुग्णालयातही ते दरमहा 20,000 रुपयांपेक्षा कमी नसावे. आपल्या भागातल्या लहान रुग्णालयांतले आकडे तुम्हाला ठाऊक आहेत. तरी नोकरी स्वीकारताना नेमणूकपत्र, खाटांची संख्या आणि अनुभवाचा दाखला यांबाबत तडजोड करू नका. एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरतीच्या परीक्षेला जीएनएम (परिचर्येची पदविका) झालेल्यांकडून किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. ज्या रुग्णालयाने हजारभर रुपये जास्त देऊन दाखला नाकारला, ते तुम्हाला महागात पडले. परदेशी जायचे असेल तरी हेच कागद आधी पाहिले जातात, भाषेची परीक्षा त्यानंतरची गोष्ट.

आता शेवटचा आणि व्यवहाराचा मुद्दा. विभाग बदलणे ही आपल्याकडे शिक्षा मानली जाते. इन्चार्जशी बिनसले की रोटेशन लागते, आणि रोटेशन लागले की मुलगी रडत माझ्या केबिनमध्ये येते, हे मी अधिसेविका असताना वारंवार पाहिले. तुम्ही ते शिक्षा म्हणून येण्याची वाट पाहू नका, अर्ज करून मागा. अर्ज तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या. सध्याच्या विभागात किती काळ झाला, तिथे कोणती कामे स्वतंत्रपणे करता येतात आणि पुढच्या विभागात काय शिकायचे आहे, एवढ्या तीन गोष्टी त्यात असाव्यात. घरगुती अडचणी असतील तर त्या वेगळ्या अर्जात लिहाव्यात, एकत्र केल्या की शिकण्याचा मुद्दा बाजूला पडतो. ड्यूटीचा तक्ता महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तयार होतो, म्हणून अर्ज त्याआधी पोहोचायला हवा. पहिल्या वेळी नकार आला तर सहा महिन्यांनी पुन्हा द्या आणि आधीच्या अर्जाचा दिनांक त्यात नमूद करा. तक्ता लावणारी व्यक्ती त्या दिनांकाकडे पाहते, हे मी स्वतः तक्ते लावले असल्यामुळे खात्रीने सांगू शकते.